फिल्टर स्वच्छ, तरी ड्रिपर बंद: ठिबकच्या नळीत क्षार पुन्हा पुन्हा का धरतात?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सॅण्ड फिल्टरचं बॅकवॉश (उलट पाणी सोडून धुणं) वेळेवर होतं, डिस्क काढून धुतल्या जातात, तरी लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, टोकाकडच्या झाडांना पाणी पोचत नाही. अ‍ॅसिड सोडलं की दोन-तीन महिने बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुकानदार आणखी बारीक जाळीचा फिल्टर सुचवतो, शेजारी अ‍ॅसिडचा डोस वाढवायला सांगतो. खर्च वाढतो, ड्रिपर काही सुटत नाहीत.

फिल्टर अडवतो ते कण. ड्रिपरमध्ये साचणारा क्षार फिल्टरमधून जाताना कण नसतोच. तो पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो आणि पाणी काचेसारखं नितळ दिसतं. सरबतातली साखर गाळणीत अडकत नाही, तसंच हे. घट्ट खडा तयार होतो तो फिल्टर ओलांडल्यावर, नळीत. म्हणून शोधायचं हे की फिल्टरच्या पुढे असं काय घडतं, ज्यामुळे विरघळलेला क्षार पाण्यातून बाहेर पडतो. याची चार-पाच उत्तरं आहेत आणि प्रत्येकाचा इलाज निराळा आहे. सगळ्यांवर एकच अ‍ॅसिड मारत राहिलं की दुखणं पुन्हा उलटतं.

आधी मोजा, मग कापा

ताशी ४ लिटरचा ड्रिपर ३ मिनिटांत २०० मिली पाणी देतो, २ लिटरचा १०० मिली. एक मोजपात्र, एक घड्याळ, बस. सबमेनजवळची (लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपाजवळची) एक लॅटरल आणि सगळ्यात लांबची एक लॅटरल घ्या. दोन्हींवर पहिला, मधला आणि शेवटचा ड्रिपर मोजा. सगळीकडे सारखंच कमी पाणी आलं तर ड्रिपरला दोष देऊ नका, दाब तपासा. एक ड्रिपर ठार बंद आणि शेजारचा भरभरून चालतोय, तर बहुधा वाळूचा कण, प्लॅस्टिकचा कीस किंवा मुंगी. टोकाकडे जाताना पाणी हळूहळू घटत गेलं आणि २०० च्या जागी १६० मिलीच्या खाली आलं, तर क्षार किंवा शेवाळी चिकटा धरलाय असं समजून मी पुढे जातो.

आता टोकाकडचा एक इनलाइन (नळीच्या आतच बसवलेला) ड्रिपर नळीसकट कापून घ्या आणि ब्लेडने उभा चिरा. आत नागमोडी वाट दिसेल, दोन्ही बाजूंनी दातेरी. रुंदी जेमतेम मिलिमीटरभर. दात्यांच्या कोपऱ्यांत, जिथे पाणी वळतं आणि रेंगाळतं, तिथे थर सगळ्यात जाड असतो. थर कसा आहे ते भिंगातून बघा. कडक, पांढरा, नखाने न निघणारा? पिठासारखा भुरभुरीत? सुईसारखे बारीक चमकदार स्फटिक? तांबूस चिखल? की बोटाला बुळबुळीत लागणारा, कुबट वासाचा पडदा?

थर खरवडून पांढऱ्या बशीत घ्या आणि त्यावर बाथरूम साफ करायच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. रबरी हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. फसफसून बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला साधा चुना. दक्खनच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे आपल्याकडे हा निकाल सगळ्यात जास्त वेळा येतो.

बुडबुडे न येता थर मुकाट विरघळून गेला, तर फॉस्फेटचा साका, म्हणजे पाण्यातून बाहेर पडून बसलेला गाळ, असण्याची शक्यता मोठी. थेंब पडून पाणी पिवळट-तांबूस झालं तर लोखंड. आणि काहीच झालं नाही, फेस नाही, विरघळणंही नाही, तर दोन शक्यता उरतात: माती-वाळू किंवा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट.

या दोघांतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. थराची अगदी छोटी चिमूट, पाव ग्रॅमच्या आत, ग्लासभर आरओच्या किंवा पावसाच्या पाण्यात टाका, अधूनमधून ढवळा आणि रात्रभर ठेवा. जिप्सम साध्या पाण्यात लिटरला सुमारे २.४ ग्रॅम विरघळतं, त्यामुळे २०० मिलीमध्ये चिमूटभर सहज जिरून जाईल. माती सकाळी तळाला तशीच दिसेल. हीच परीक्षा फॉस्फेटचा संशय असतानाही करता येते, कारण कॅल्शियम फॉस्फेट साध्या पाण्याला दाद देत नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. कारण जिप्समवर अ‍ॅसिड सोडणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्यात गंधकाचं अ‍ॅसिड सोडलं तर सल्फेटची आणखी भर.

पाणी क्षार का सोडतं

शाळेत अवक्षेप शिकलो ते बहुतेकांना आठवत असेल: दोन नितळ द्रावणं एकत्र केली आणि परीक्षानळी पांढरी झाली. त्यामागचा हिशेब शेतातही तोच. विरघळलेला क्षार पाण्यात अखंड नसतो. त्याचे धन आणि ऋण आयन सुटे फिरत असतात. कॅल्शियम कुठून आलं आणि सल्फेट कुठून आलं, हे पाणी लक्षात ठेवत नाही. दोघांच्या प्रमाणांचा गुणाकार एका मर्यादेच्या आत असेपर्यंत सगळं नितळ राहतं, मर्यादा ओलांडली की जास्तीचा माल घट्ट होऊन खाली बसतो. प्रत्येक जोडीची मर्यादा वेगळी. कॅल्शियम नायट्रेट लिटरला किलोच्या वर विरघळतं. कॅल्शियम सल्फेट दोन-अडीच ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यात लिटरला जेमतेम १५ मिलिग्रॅम.

मग बोअरच्या पाण्यात चुना लिटरला शेकडो मिलिग्रॅम कसा टिकतो? कार्बन डायऑक्साइडच्या जिवावर. जमिनीत मुळं आणि जिवाणू हा वायू सोडतात, तो मुरणाऱ्या पाण्यात मिसळतो, आणि असं पाणी खडकातला चुना बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून घेतं. हा वायू उडाला की सौदा मोडतो. बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेट दिसलं की कॅल्शियम त्याला धरून बसतं.

वायू उडतो कुठे? पाणी उघड्यावर पडतं तिथे, आणि तापतं तिथे. म्हणून बोअरचं पाणी शेततळ्यात सोडलं की आठवड्याभरात त्याचा सामू (पीएच) वाढतो. त्यात शेवाळ असेल तर दिवसा तेही कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि दुपारपर्यंत सामू ८.५ च्या पुढे जाऊ शकतो. शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदावर पाण्याच्या रेघेला पांढरा पट्टा दिसतो, तो हाच चुना. तळ्यातलं पाणी पहाटे आणि भर दुपारी असं दोनदा तपासून बघा, फरक बघून चकित व्हाल.

तापण्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण आपली लॅटरल काळी असते. साखर-मिठाच्या अनुभवावरून आपण धरून चालतो की गरम पाण्यात जास्त विरघळतं. चुन्याचं उलट आहे: पाणी जितकं गरम, तितका चुना कमी विरघळतो. एप्रिल-मे महिन्यात मोटर बंद करून नळीत पाणी भरलेलं सोडलं तर दुपारी ते पन्नाशी गाठायला वेळ लागत नाही.

याचा आकडा काढता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगलियर यांनी १९३६ मध्ये शहरी पाणीपुरवठ्यासाठी एक निर्देशांक मांडला. त्यांना नळाच्या आत चुन्याचा पातळ थर हवाच होता, म्हणजे लोखंड गंजत नाही. आपल्याला तो अजिबात नको, पण सूत्र तेच चालतं. पाण्याचा सामू, तापमान, एकूण विद्राव्य क्षार, कॅल्शियमची कठीणता आणि अल्कलिनिटी हे पाच आकडे टाकायचे. उत्तर शून्याच्या वर आलं तर पाणी चुना सोडणारं, खाली आलं तर चुना खाणारं.

उदाहरणादाखल आपल्याकडे सर्रास आढळावं असं पाणी घेऊ: सामू ७.८, विद्राव्य क्षार ६४० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), कॅल्शियम कठीणता २५०, अल्कलिनिटी ३२०. पाणी २८ अंशांना असताना निर्देशांक येतो सुमारे ०.८. म्हणजे विहिरीतून निघतानाच ते चुना सोडायच्या बेतात आहे. तेच पाणी नळीत ५० अंशांना तापलं की निर्देशांक जातो १.२ वर. आता या पाण्याचा सामू अ‍ॅसिडने ६.५ वर आणला, तर २८ अंशांना उत्तर येतं उणे ०.७ आणि ५० अंशांनाही उणे ०.३. ड्रिपरमध्ये चुना धरण्याचं कारणच निघून जातं. ठिबकच्या पाण्याबद्दल जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक तक्त्यातही सामू ७ च्या खाली असेल तर धोका नाही, ७ ते ८ मध्यम, आणि ८ च्या वर गंभीर, अशी विभागणी आहे.

एक गोष्ट या सूत्रात बसत नाही. मोटर बंद झाल्यावर ड्रिपरच्या तोंडाशी जो शेवटचा थेंब लोंबकळत राहतो, तो उन्हात वाळतो आणि त्यातला सगळा क्षार, मग तो कोणताही असो, तिथेच राहतो. तोंडाभोवती पांढरं कडं असेल आणि आतली वाट स्वच्छ असेल, तर पाणी सुधारण्याआधी लॅटरल आच्छादनाखाली घ्या. रात्री पाणी दिलं तरी बराच फरक पडतो. रात्रपाळीच्या लाइटला आपण एरवी शिव्या घालतो, पण ठिबकला ती मानवते.

खताच्या ड्रममधला गोंधळ

पाणी बरं असूनही ड्रिपर बंद होत असतील तर संशय ड्रमवर घ्या. इथे चूक झाली तर चुन्यासारखा महिनोन्‌महिने वेळ लागत नाही, एका दिवसात नळ्या भरतात.

समजा २०० लिटरच्या ड्रममध्ये ५ किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट एकत्र टाकलं. दोन्ही खतं एकेकटी लख्ख विरघळतात. एकत्र आली की कॅल्शियमला सल्फेट सापडतं आणि जिप्सम तयार होऊ लागतं. हिशेब केला तर साडेतीन किलोच्या आसपास जिप्सम बनायला लागणारा माल ड्रममध्ये आहे, आणि २०० लिटर पाणी त्यातलं जेमतेम अर्धा-पाऊण किलो पोटात ठेवू शकतं. बाकीचं, म्हणजे अडीच-तीन किलो, साका. ड्रम दुधाळ होतो, तळाला गाळ बसतो, काही भाग व्हेंचुरीतून, म्हणजे ड्रममधलं द्रावण लाइनमध्ये ओढणाऱ्या नळीतून, पुढे जातो. शिवाय विकत घेतलेलं कॅल्शियम आणि गंधक दोन्ही वाया जातं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

आता हीच दोन खतं वेगवेगळ्या ड्रममध्ये विरघळवा आणि प्रत्येक ड्रम १०० पट पाण्यात मिसळून लाइनमध्ये जाऊ द्या. दोन्हींची तीव्रता शंभर पटीने घटते, पण गुणाकार घटतो दहा हजार पटीने, आणि जिप्समच्या मर्यादेच्या बराच खाली येतो. नळीत ती दोघं शेजारी शेजारी वाहतात आणि काही बिघडत नाही. हरितगृहवाले ए टाकी आणि बी टाकी ठेवतात त्याचं कारण एवढंच. एकाच ड्रमवर काम भागवायचं असेल तर दिवस वेगळे ठेवा, आणि मध्ये ड्रम धुऊन घ्या.

ड्रमच्या बाबतीत नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: कॅल्शियम नायट्रेट म्हणजे एकटा जीव सदाशिव. (खतांचे आकडे नत्र:स्फुरद:पालाश असे वाचायचे.) १२:६१:००, ००:५२:३४, १९:१९:१९ यांत फॉस्फेट आहे, ००:००:५०, मॅग्नेशियम सल्फेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये सल्फेट. यातलं काहीही त्याच्याबरोबर नको. युरिया किंवा १३:००:४५ चालतं.

मॅग्नेशियम सल्फेट आणि १२:६१:०० ही जोडी फसवी आहे. आम्लधर्मी द्रावणात दोघं गुण्यागोविंदाने राहतात, पण पाणी अल्कधर्मी असेल तर मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून एक तिहेरी क्षार बनतो आणि तोही खडक होतो. फेरस सल्फेट किंवा झिंक सल्फेट फॉस्फेटच्या ड्रममध्ये टाकलं तर लोह आणि जस्त दोन्ही बांधले जातात. तिथे चिलेटेड घ्या, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं, साकू न देणारं. लोहाचं इडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या पुढे ढेपाळू लागतं, चुनखडीच्या जमिनीत इडीडीएचए महाग असलं तरी टिकतं.

फॉस्फेटचा प्रश्न फक्त ड्रमपुरता नाही. कॅल्शियम फॉस्फेटची मर्यादा इतकी कमी आहे की जड पाण्यात तो लाइनमध्ये पातळ झाल्यावरही साकू शकतो, कारण कॅल्शियम तर विहिरीच्या पाण्यातच आहे. डीएपी भिजवून वरचं पाणी ठिबकमधून सोडण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. डीएपीचं द्रावण अल्कधर्मी असतं, जड पाण्याशी त्याचं बिलकूल जमत नाही. सुपर फॉस्फेटचं तर नावच काढू नका, त्यात मुळातच जिप्समचा मोठा वाटा असतो. पाणी जड असेल तर स्फुरदासाठी १७:४४:००, म्हणजे युरिया फॉस्फेट, मला सगळ्यात बरं वाटतं. ते इतकं आम्लधर्मी आहे की खत देता देता नळीही थोडी साफ होते.

शंका असेल तर बाटलीत करून बघा. ५ किलो २०० लिटरमध्ये म्हणजे लिटरला २५ ग्रॅम. पारदर्शक बाटलीत तुमच्याच विहिरीचं एक लिटर पाणी घ्या, आरओचं नको, आणि जी खतं एकत्र टाकायचा विचार आहे ती त्याच प्रमाणात टाका. दोन तास ठेवा. दुधाळ झालं, धागे दिसले, तळाला काही बसलं, तर ते मिश्रण ड्रममध्ये जाणार नाही. नितळ राहिलं तर त्यातलं १० मिली घेऊन पुन्हा विहिरीच्या लिटरभर पाण्यात मिसळा आणि ही दुसरी बाटली काळ्या कापडात गुंडाळून दुपारभर उन्हात ठेवा. लाइनमध्ये काय होणार ते ही दुसरी बाटली सांगते, आणि बरेच जण नेमकी तीच करत नाहीत.

थंडीत बसणारा गाळ वेगळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून किंवा पुण्याच्या मावळ भागातून हमखास प्रश्न येतो: १३:००:४५ रात्री विरघळवून ठेवलं, सकाळी ड्रमच्या तळाला काचेच्या सळ्यांसारखे स्फटिक. खत भेसळीचं आहे का? नाही. पोटॅशियम नायट्रेट २० अंशांना लिटरला ३१६ ग्रॅम विरघळतं, १० अंशांना फक्त २१० च्या आसपास. शिवाय विरघळताना ते पाण्यातली उष्णता ओढून घेतं, ड्रम बाहेरून गार लागतो. घट्ट द्रावण केलं असेल तर पहाटे जादा मीठ बाहेर पडणारच. पाणी वाढवा किंवा ऊन येऊ द्या, ते परत विरघळतं. जिप्समचा साका असा परत जात नाही, हाच दोघांतला फरक.

००:००:५० मुळातच लाजरं आहे, २० अंशांना लिटरला ११० ग्रॅम. त्यात १३:००:४५ आधीच विरघळलेलं असेल तर आणखी कमी, कारण पोटॅशियम दोघांत सामाईक आहे आणि गुणाकारातली एक बाजू आधीच भरलेली असते. म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश आधी आणि भरपूर पाण्यात.

तांबूस आणि बुळबुळीत

हे थोडक्यात. लोखंड जमिनीखाली प्राणवायूविना विरघळलेलं, रंगहीन असतं. हवा लागली की गंजाच्या रंगाचा साका बनतो. पाण्यात लोखंड ०.१ पीपीएमच्या आत असेल तर चिंता नाही, १.५ च्या वर असेल तर गंभीर. जांभ्याच्या भागातल्या काही विहिरींना हा त्रास असतो. इलाज फिल्टरच्या आधी करायचा: पाणी उंचावरून फवारत टाकीत पाडा, साकू द्या, मग सॅण्ड फिल्टर. फिल्टरच्या पुढे ब्लीचिंग सोडलंत तर उरलंसुरलं लोखंडही नळीतच साकेल.

बुळबुळीत थर शेवाळाचा किंवा जिवाणूंचा. त्याला क्लोरीन लागतं, अ‍ॅसिड नव्हे. जड पाण्यात ब्लीचिंग पावडरऐवजी सोडियम हायपोक्लोराइट बरं, पावडरमधलं कॅल्शियम पुन्हा आपल्याच डोक्यावर बसतं.

क्लोरीन आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. दिवस वेगळे, ड्रम वेगळा, मध्ये लाइन स्वच्छ पाण्याने धुतलेली.

अ‍ॅसिड सोडायचंच असेल तर

थर चुन्याचा किंवा फॉस्फेटचा निघाला, तर अ‍ॅसिड योग्यच. डोस मात्र शेजाऱ्याचा घेऊ नका, तुमच्या पाण्याचा काढा. १० लिटरची बादली, एक मिलीच्या खुणांची सिरिंज आणि सामू बघायचे कागद. वर घेतलेल्या उदाहरणातल्या पाण्यात ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड एक-एक मिली सोडलंत तर मजा दिसेल: पाच मिलीपर्यंत सामू सहाच्या आसपास रेंगाळतो, कारण बायकार्बोनेट अ‍ॅसिड गिळत असतं. सहाव्या मिलीला ते संपतं आणि कागद एकदम केशरी होतो. सहा मिलीच्या जरा पुढे सामू ४. म्हणजे हजार लिटरला सहाशे-सव्वासहाशे मिली. जाड थरासाठी सामू २ पर्यंत न्यायचा असेल तर लिटरमागे आणखी सुमारे एक मिली. तुमच्या पाण्याची अल्कलिनिटी दुप्पट असेल तर पहिला आकडा दुप्पट होईल, म्हणून तर बादली.

अ‍ॅसिड प्लॅस्टिकच्या ड्रममधून व्हेंचुरीने सोडा, लोखंडी खतटाकीतून नाही. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. चष्मा, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ. विहिरीचं पाणी घरात पिण्यासाठी जात असेल तर एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह चालतोय ना ते आधी बघा, लाइट गेली की ड्रममधलं सगळं उलट विहिरीत ओढलं जाऊ शकतं. सगळ्यात लांबच्या ड्रिपरखाली कागद धरा. तिथे हवा तो सामू आला की मोटर बंद, आणि पाणी नळीत रात्रभर ते २४ तास राहू द्या. १६ मिमी लॅटरलच्या मीटरभर लांबीत साधारण १५० मिली पाणी मावतं, त्यावरून किती अ‍ॅसिडचं पाणी उभं राहणार याचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी एंड कॅप काढून, एका वेळी थोड्याच लॅटरल उघडून धुवा. सगळ्या एकदम उघडल्या तर पाण्याला जोर राहत नाही आणि सुटलेला चुना नळीतच बसून राहतो.

फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरताना डोस कमी पडू देऊ नका. सामू सहाच्या वर राहिला तर फॉस्फेट कॅल्शियमला धरेल आणि चुन्याच्या जागी त्याहून चिवट थर मिळेल.

जिप्समने भरलेल्या लॅटरलला मात्र अ‍ॅसिडचा उपयोग नाही. थर कोवळा असेल तर आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी नळीत दोन-तीनदा रात्रभर उभं ठेवून सुटतो. जुना असेल तर नळी बदलणं स्वस्त पडतं, असा माझा हिशेब आहे.

थर निघाला, आता परत येऊ नये म्हणून

उदाहरणातल्या पाण्याचा सामू रोज ६.५ वर ठेवायला हजार लिटरला पाव लिटरच्या आसपास अ‍ॅसिड लागतं. वर्षभर परवडत नसेल तर मार्च ते जूनमध्ये तरी, आणि तेही पाळीच्या शेवटच्या वीस मिनिटांत द्या. नळीत उभं राहून तापणार ते पाणी हेच. पंधरा दिवसांतून एकदा टोकं उघडून धुणं याला पर्याय नाही. पाइपवर बसवायची चुंबकं आणि कॉइल विकायला येतात, पण त्यांनी पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. घ्यायचीच असतील तर आधी आणि नंतर ३ मिनिटांचं माप घ्या, विक्रेत्यासमोर.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. तिथल्या पाण्यात सोडियमचा जोर असतो. ड्रिपर मोकळा राहिला तरी जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणारी) होते, आणि तो रोग अ‍ॅसिडच्या ड्रमने बरा होत नाही.

पाणी तपासायला देताना प्रयोगशाळेला सामू, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षारांचं माप), कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट, सल्फेट आणि लोखंड एवढं नाव घेऊन सांगा, नाहीतर नुसता ‘पाणी सिंचनास योग्य’ असा शेरा हातात पडतो. नमुना मोटर अर्धा तास चालल्यावर घ्यायचा. बाटली काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता बूच लावायचं, आणि सामू तिथल्या तिथे कागदावर बघून बाटलीवर लिहून ठेवायचा. अर्धी भरलेली बाटली दोन दिवस गाडीत हिंदकळली की कार्बन डायऑक्साइड उडतो, थोडा चुना बाटलीच्या काचेलाच धरतो, आणि अहवालात कॅल्शियम विहिरीतल्यापेक्षा कमी आणि सामू जास्त येतो. लोखंडासाठी वेगळी छोटी बाटली घेऊन त्यात अ‍ॅसिडचे काही थेंब टाकायला सांगतात, ते याच कारणाने: नाहीतर ते वाटेतच साकतं.